मिरचीचे हात

लग्न होऊन सासरी आले, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मला पहिल्यांदा मिरचीची देठं खुडायला बसवलं. माझं वय तेव्हा तेरा-चौदा असेल. आमच्याकडं पोरींच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. माहेर कुरुंद्याकडचं. तिथं आमची हळद होती. हळद उकडायची, वाळवायची, घासायची, त्यात हात कोपरापर्यंत पिवळे व्हायचे आणि महिनाभर तसेच राहायचे. पण हात जळतात म्हणजे काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

सासर आखाडा बाळापूरच्या पलीकडं, दोन कोसांवर. विहिरीच्या पाण्यावर अर्ध्या एकरात मिरची असायची. लाल झाली की तोडून खळ्यावर वाळत घालायची. त्यातली बरीचशी बाजारात जायची, आणि घरच्या वर्षभराच्या तिखटासाठी दोन मोठी गाठोडी मागं राहायची. फाल्गुन संपता संपता ती गाठोडी अंगणात सोडली जायची, आणि घरातल्या बायका ढिगाभोवती गोल करून बसायच्या. देठ नखानं खुडायचं, बी फार सांडू द्यायचं नाही, काळी पडलेली मिरची बाजूला टाकायची. एवढंच काम. बघणाऱ्याला ते बसून गप्पा मारण्यासारखंच वाटायचं.

घरात आम्ही तिघी. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरल्या जाऊबाई. आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. जाऊबाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. दोन लेकरं जाऊन तिसरी पोरगी जगली होती, पाच महिन्यांची. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. ती झोळीत हातपाय हलवत असली की मी काम सोडून बघत राही आणि आत्याबाईंचा आवाज आला की दचकून कामाला लागे.

पहिल्या दिवशी तासाभरातच बोटांची टोकं गरम वाटायला लागली. मग नखांच्या कडा. मग दोन बोटांच्या मधली कातडी. मी हात पदराला पुसले, तर पदर नाकाशी आला तेव्हा शिंकांवर शिंका आल्या. जाऊबाई मान खाली घालूनच हसल्या. "सवय होईल," म्हणाल्या.

मी भीतभीत विचारलं, "हाताला जरा तेल लावलं तर चालंल का?"

आत्याबाई ढिगाच्या पलीकडून म्हणाल्या, "तेलाच्या हाताला मिरची लागली की तिखट नासते. या घरात तेल लावून कुणी मिरचीला बसत न्हाई. मी न्हाई बसले, तूबी बसू नको."

त्यामागं एक गोष्ट होती, ती मला त्याच रात्री जाऊबाईंनी सांगितली. आत्याबाई स्वतः नव्या सूनबाई होत्या तेव्हा त्यांनी हाताला तेल चोपडून मिरची खुडली होती. त्या वर्षी श्रावणात तिखटाच्या मडक्याला जाळी धरली, वास सुटला. त्यांच्या सासऱ्यांनी चार माणसांदेखत ते अख्खं मडकं उकिरड्यावर पालथं केलं आणि वर्षभर या घरात उसनं तिखट खाल्लं गेलं. तेव्हापासून करडईच्या तेलाची बुधली त्यांच्या खोलीत, त्यांच्या खाटेखाली. रोजच्या फोडणीचं तेल त्या स्वतः पळीनं काढून द्यायच्या.

दिवस कलला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पेटले होते. रांजणाशी जाऊन पाण्यात घातले. पाण्यात असेपर्यंत बरं वाटलं, बाहेर काढले की दुप्पट. आणि मग भाकरी. ज्यांनी कधी मिरचीच्या हातानं भाकरी केली नाही, त्यांना हे सांगून कळायचं नाही. ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी ओतून मळायचं, आणि मग चुलीच्या धगीसमोर हात पुढं करून ती थापायची. धग लागली की बोटांतली मिरची नव्यानं जागी व्हायची. मी तव्यावर भाकरी टाकत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायलासुद्धा हात नव्हता, म्हणून ते तसंच पिठात पडत होतं.

दुसऱ्या दिवशी कांडायला एक म्हातारी आली. गावातलीच, एकटी, विधवा. घरोघर मिरची, हळद, साळ कांडून देणं हेच तिचं काम. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. तिचे हात बघून मला नवल वाटलं. इतकी वर्षं मिरची कांडणाऱ्या बाईचे हात, पण कुठं चीर नाही, कातडी सोललेली नाही.

दुपारी आत्याबाई पडल्या होत्या. मावशीनं मला गोठ्याच्या आडोशाला बोलावलं. तिच्या कमरेला एक चिंधी खोचलेली होती, तेलानं काळी झालेली.

"हात दे."

मी हात पुढं केले. तिनं चिंधी माझ्या बोटांवरून, नखांच्या खाचांतून, बोटांच्या मधून फिरवली.

"हे मिरचीला बसायच्या आधी करायचं. काम झालं की पुन्हा तेल, मंग कोरडी राख चोळायची, मंग शिकेकाईनं धुवायचं. त्या उपर आग राह्यली तर ताकात हात बुडवून बसायचं. नुसत्या पाण्यानं मिरची जात न्हाई, बाई. पाणी तिला सगळीकडं पसरवते."

"तिखट नासत न्हाई तेलानं?"

"एवढ्याशा तेलानं काय नासते? तुझ्या सासूची मिरची त्या वर्षी ओली होती. अर्धी वाळलेली. मीच कांडली व्हती, मला ठावं हाय. मी तवाच बोलले, पर कांडणारीचं कोण ऐकते?"

मला हे सगळं एकदम नवं होतं. मी विचारत गेले. तोंड पोळलं तर? तर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं, दूध प्यायचं, नाहीतर कोरडी भाकर चावायची, गुळाचा खडा तोंडात धरायचा. डोळ्यांत गेलं तर?

"गार पाणी. लई पाणी. ओतत राहायचं, डोळा चोळायचा न्हाई. पाण्याबिगर दुसरं काही घालायचं न्हाई त्यात."

"आत्ताच तर म्हणलीस पाण्यानं मिरची जात न्हाई."

"मंग डोळ्यात काय तेल ओततीस, बावळे?" ती हसली. दात नव्हते तिला. "हाताचं आन डोळ्याचं एक असते का?"

जाताना तिनं मला बजावलं, हे सासूला सांगू नको. तेल मी तिच्या मिरचीला लावलं असं कळलं तर या घरचं काम जाईल माझं. मी शपथ घेतली.

त्यानंतरचा दिवस. मावशी आली नव्हती, तिला थंडीताप आला होता. दुसरं गाठोडं सोडलेलं. मी पहाटेच न्हाणीपाशी डोक्याचं तेल बोटांना पुसून घेतलं होतं, केसांत हात फिरवून. कुणाच्या लक्षात आलं नाही. जाऊबाईंचे हात कोरडे होते. मी त्यांना सांगायला हवं होतं. केसांत हात फिरवून घ्या, एवढंच. पण सांगितलं तर, तुला कुणी शिकवलं, असं विचारलं जाईल, ही एक भीती. आणि दुसरं, जे मी पुष्कळ वर्षं स्वतःशीसुद्धा मान्य केलं नाही, ते असं की त्या पहिल्या दिवशी माझ्यावर हसल्या होत्या.

दुपारी झोळीत पोरगी रडायला लागली. जाऊबाईंचं अंग दुधानं भिजलं होतं, पण त्या उठेनात.

"लेकरू रडून राहिलं, ऐकू येत न्हाई का?" आत्याबाई म्हणाल्या.

"हात आगीचे झालेत, आत्याबाई. असं कसं घेऊ तिला?"

"धू अन् घे. आमी काय लेकरं वाढवली न्हाईत?"

जाऊबाई उठल्या. रांजणाशी बसून त्यांनी राखेनं हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. लांबून मी बघत होते. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि दोन्ही तळवे माझ्या नाकापुढं धरले.

"वास येते का गं?"

मी हुंगलं. राखेचा वास येत होता. मिरचीचा नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले.

हे खरंच होतं. वास येत नव्हता. पण पाण्यानं मिरची जात नाही, हेही मला ठाऊक होतं, कालच ठाऊक झालं होतं. मी फक्त विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं.

जाऊबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं, चोळीची गाठ सोडली. पोरगी तोंड लावते न लावते तोच तिनं मान मागं टाकली आणि असा आवाज काढला की मी आजपर्यंत तसा ऐकला नाही. ओठ लाल झाले. तिनं मुठी तोंडात घातल्या, त्याच मुठी डोळ्यांवर चोळल्या. जाऊबाई घाबरून तिचं तोंड पुसू लागल्या, त्याच हातांनी. जितकं पुसावं तितकं वाढत होतं.

मी तांब्या भरून धावले. पोरीचं डोकं एका बाजूला कलतं केलं आणि उजव्या डोळ्यावर पाण्याची धार सोडली. एक तांब्या झाला. दुसरा भरायला वळले, तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या हातातून तांब्या हिसकला.

"लेकराच्या डोळ्यात गार पाणी ओततीस? सर्दीनं मारायची का तिला?"

"आत्याबाई, डोळ्यात मिरची गेली—"

"कालच्याला शेजारीण आली व्हती, टक लावून बघत व्हती पोरीकडं. दृष्ट हाय ही. हो बाजूला."

त्यांनी त्याच ढिगातल्या मूठभर मिरच्या उचलल्या, मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, पोरीवरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा धूर घरभर झाला. दृष्ट असेल तर म्हणे मिरचीचा ठसका लागत नाही. आम्हाला सगळ्यांना लागला. आत्याबाई स्वतः खोकून खोकून भिंतीला टेकल्या. पोरगी त्या धुरात जाऊबाईंच्या खांद्यावर निळी पडली. मी तिला ओढून अंगणात नेलं आणि कुणी बघत नाही असं पाहून रांजणातलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं.

जाऊबाई तिथंच लिंबाखाली येऊन बसल्या. त्यांची छाती लाल झाली होती. मी दह्याच्या मडक्यावरची साय बोटावर आणून दिली. त्यांनी ती लावली आणि डोळे मिटून घेतले.

एवढ्यावर संपलं असतं तर ही गोष्ट मी कुणाला सांगितलीही नसती. दिवस मावळायच्या आत पोरगी शांत झाली, दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी तोंडाची लाली उतरली. डावा डोळा उघडला, उजवा लाल होता, पाणी गळत होतं, पण तिसऱ्या दिवशी तोही उघडायला लागला होता. मी बघितलं होतं. बोट फिरवलं तर पोरगी त्या डोळ्यानंही बोटाच्या मागं बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंचे भाऊ आले, जवळा बाजारचे. ते आसपासच्या गावांत औषध देत. ते वैद्य नव्हते, पण लोक मान द्यायचे, त्यांच्या दारात बैल बांधून वाट बघत बसायचे. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी पोरीची पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "उष्णता आत अडकली आहे. ती काढली पाहिजे."

तुरटी लिंबाच्या रसात उगाळली. त्यात आणखी काही पूड होती, पांढरी, त्यांच्या बटव्यातली. ती कसली ते मला आजही माहीत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब, चार दिवस. औषध घालताना पोरीचे हात धरायचं काम जाऊबाईंकडं दिलं. पोरगी पाठीची कमान करून किंचाळायची. जाऊबाई तिचे हात धरून बसायच्या, तोंड भिंतीकडं करून.

पहिल्या दिवशी मी म्हणाले होते. एवढं मात्र मी म्हणाले होते. "मामा, डोळ्यात पाण्याबिगर काही घालू नये म्हणतात."

"कोण म्हणते?"

मावशीचं नाव घ्यायचं नाही, ही शपथ होती. मी गप्प बसले. मामा हसले आणि आत्याबाईंना म्हणाले, "तुझी धाकली शहाणी हाय लई."

आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. आधी मोहरीएवढा. मग वाढला. डोळ्यात फूल पडलं होतं.

थोरल्या भावजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या मालकांनी, तेव्हा बैलगाडी जुंपली आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. जाऊबाईंच्या सोबतीला मी. डॉक्टर मुसलमान होते, पिकल्या दाढीचे, बोलायला मऊ. खिडकीच्या उजेडाला पोरीला धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"क्या हुआ था?"

भावजी म्हणाले, "मिर्ची गई आँख में."

"मिर्ची से आँख नहीं जाती. जलती है, दो रोज में ठीक हो जाती है. पानी से धोना था बस." त्यांनी पोरीला जाऊबाईंच्या हातात दिलं. "इस में क्या डाला? सच बोलो."

भावजी खाली बघत म्हणाले, तुरटी, लिंबू. डॉक्टरांनी टेबलावरची दौत उगाच इकडची तिकडं केली. मग म्हणाले की आता काही होणार नाही, दुसरा डोळा चांगला आहे, त्याला जपा, त्यात काही घालू नका. एक मलम दिलं.

आम्ही परतीची वाट धरली. आमचं हिंदी कच्चं, पण एवढं कळायला काही लागत नव्हतं. मला वाटलं, घरी गेल्यावर आता जाऊबाईंच्या माथ्यावरचं ओझं उतरेल. मामांना दोष येईल, आत्याबाईंना कळेल. मला, खरं सांगते, थोडा आनंदच झाला होता.

अंगणात आत्याबाई उभ्या होत्या. मामाही होते, मुद्दाम थांबले होते.

"काय म्हनला डाक्टर?"

भावजींनी बैल सोडले, जू खाली ठेवलं, आणि म्हणाले, "मिरचीनं गेला म्हनते डोळा."

मी जाऊबाईंकडं बघितलं. त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं, माझ्या बाजूनं आत गेल्या आणि चुलीत जाळ घातला. बस, एवढंच.

त्या दिवसापासून आमच्या गावात जाऊबाई म्हणजे जिनं लेकीचा डोळा घालवला ती आई. बायका विहिरीवर कुजबुजायच्या. नव्या सुनांना मिरचीला बसवताना म्हाताऱ्या सांगायच्या, हात धुवा बरं, न्हाईतर त्यांच्या थोरलीवानी होईल. एकदा मी माझ्या मालकांना सांगितलं, डॉक्टर असं म्हणाले होते म्हणून. ते म्हणाले, "मला ठावं हाय. भाऊ बोलला. पण मामाचं नाव बाहेर काढून काय मिळणार? पोरीचा डोळा येते का परत?"

पुढची सात-आठ वर्षं मिरचीचा सगळा ढीग जाऊबाई एकट्यानं खुडत. कुणी सांगितलं नव्हतं. मी बसायला गेले की म्हणायच्या, "जा तू, भाकरीचं बघ." त्यांच्या बोटांच्या कडा सोलून निघायच्या, नखांशेजारी भेगा पडायच्या, तरी तेल मागितलं नाही त्यांनी. मग मीच सुरुवात केली. आत्याबाई देवळात गेल्या की बुधलीतून करवंटीत थोडं तेल काढायचं आणि जाऊबाईंच्या पाटाशी नेऊन ठेवायचं. पहिल्या वर्षी त्यांनी करवंटीकडं बघितलंही नाही. दुसऱ्या वर्षी बोटं बुडवली. त्या वर्षीचं तिखट श्रावणात चांगलं राहिलं, दिवाळीला चांगलं राहिलं, पुढचं तिखट होईपर्यंत चांगलं राहिलं. आत्याबाई जेवताना म्हणाल्या, औंदाची मिरची झकास उतरली. आम्ही दोघी ताटात बघत राहिलो.

मावशी त्या आधीच वारली होती. तिला मी काहीच सांगू शकले नाही.

पोरगी वाढली. हुशार होती, कामाची होती, पण उजव्या बाजूनं कुणी आलं तर दचकायची. पोरं तिला काणी म्हणायची. ती दगड घेऊन मागं लागायची आणि नेम चुकायचा, त्यावर पोरं आणखी हसायची.

मग गडबडीचं साल आलं. निजामाचं राज्य जायच्या आधीचे ते महिने. गावोगाव जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. पुष्कळ घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात नातेवाइकांकडं निघाली, तशी आम्हीही निघालो. पलीकडं उमरखेडच्या बाजूला आमच्या एका लांबच्या सोयऱ्याच्या गोठ्यात राहायला जागा मिळाली. पुरुष दिवसा कामाला जायचे. आम्ही बायका आणि पोरगी मागं. सोबत आणलेलं काय, तर ज्वारीचं पीठ आणि तिखटाचं गाडगं. सकाळी भाकर-तिखट, संध्याकाळी भाकर-तिखट.

आत्याबाईंचं वय झालं होतं, त्यात प्रवासाचा ताप येऊन गेला होता. तोंड आतून सगळं आलं. जिभेवर, गालात फोड. तिखटाचा कण लागला की त्या ओरडायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा ओरडायच्या. एवढी कडक बाई, लेकरासारखी रडायची. जाऊबाई एक दिवस शेजारच्या घरी जाऊन गाडगंभर ताक मागून आल्या. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग त्यांनी ताकात कुस्करला, आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं थोडं थोडं तोंडात सोडलं.

"पाणी पिऊ नका. हे धरा तोंडात. गिळू नका लगेच."

आत्याबाईंनी धरलं. तोंड निवलं तसे त्यांचे डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तवा तेल दिलं असतं तर?"

जाऊबाईंनी पुढचा घास कुस्करायला घेतला. मीच म्हणाले, "तेल दिलं असतं तर पोरीला पोळलं नसतं. पर डोळा मिरचीनं गेला न्हाई, आत्याबाई. डाक्टर म्हणले व्हते, तुमच्या भावाच्या औषधानं—"

"ठावं हाय मला," आत्याबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "थोरल्यानं त्याच दिशी सांगितलं व्हतं. मागच्या दारी नेऊन."

म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं त्यांना माहीत होतं, आणि विहिरीवर बायका बोलायच्या तेव्हा त्याही मान हलवायच्या.

जाऊबाईंचा हात थांबला. ताकाचं गाडगं त्यांनी हळूच जमिनीवर ठेवलं. आत्याबाईंचं डोकं मांडीवरून उचलून गाठोड्यावर टेकवलं, पदर सारखा केला, आणि गोठ्याबाहेर जाऊन ज्वारीच्या ताटांच्या गंजीला पाठ लावून बसल्या. मी मागं गेले. वाटलं, आता रडतील, आता काही बोलतील. त्या बोटांची नखं बघत होत्या.

"भावजींना विचारायचं का आज?" मी म्हणाले.

"काय विचारायचं? माझ्याबी कानांनीच ऐकलं व्हतं मी. गाडीतून उतरून मी बोलले का?" मग नखाची कड खुडत, "बोलले असते तर या घरात ऱ्हायले असते का मी? पोरीला घेऊन कुठं गेले असते?"

त्या संध्याकाळपासून आत्याबाईंच्या तोंडात घास घालायचं काम माझ्याकडं आलं. जाऊबाई ताक आणून ठेवायच्या, घुसळून, गाळून, गार करून. पण जवळ बसायच्या नाहीत. आत्याबाईंनी दोनदा हाक मारली, "थोरले." त्या आल्या, विचारलं काय पाहिजे, दिलं आणि गेल्या. महिनाभरात आत्याबाईंचं तोंड बरं झालं. राज्य गेलं, आम्ही परत आलो. मिरचीचा वाफा जनावरांनी खाऊन टाकला होता आणि त्या वर्षी खुडायला काहीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. त्या दुपारी पोरगी गोठ्याच्या कोपऱ्यात गवतावर पडली होती. आम्हाला वाटलं, झोपली आहे.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी ती माझ्याबरोबर शेतात काड्या वेचायला आली. दहा वर्षांची झाली होती. काड्यांची मोळी बांधताना तिनं दोरीचं टोक दातात धरलं होतं, ते काढून म्हणाली, "काकी, माझा डोळा मायनं न्हाई घालवला."

"न्हाई," मी म्हणाले. "तिनं न्हाई घालवला."

"तुला कवापासून ठावं?"

"पहिल्यापासून."

"तू दवाखान्यात व्हतीस?"

"व्हय."

"अन् औषध घालताना?"

"तवाबी व्हते."

ती चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली. मी नजर वळवली, तर तिनं मान कलती करून पुन्हा मला नजरेत धरलं.

"मंग तू काहून बोलली न्हाईस?"

मी म्हणाले, भ्याले. मी लहान होते, नवी होते, माझं कोण ऐकणार होतं. पहिल्या दिवशी म्हणाले होते थोडं, पण मग गप्प बसले. मावशीची शपथ होती. हे सगळं मी तिला सांगितलं, सांगत सुटले. हात हुंगून न्हाई म्हणाले तेही सांगितलं. केसांतलं तेल मी एकटीनं बोटांना लावलं होतं, तेही. ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मोळी डोक्यावर घेतली, माझ्या मदतीशिवाय, एका बाजूला झुकत, आणि बांधावरून घराकडं चालू लागली. मी मागून येत होते. तिनं वळून पाहिलं नाही. घरी पोचल्यावर मोळी टाकून ती सरळ आईजवळ चुलीपाशी गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली. जाऊबाई भाकरी थापत होत्या.

त्यानंतर लग्न होऊन जाईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. काकी, पाणी भरलं. काकी, बैल आले. तिच्या जागी मी असते तर कदाचित तेवढंही बोलले नसते.